टाय-अपच्या कागदात काय लिहिलंय ते विचारा

बारावीनंतर ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शिक्षणाला, जायचं ठरलं की सांगली-मिरजेत पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘परदेशी विद्यापीठाशी टाय-अप आहे का?’ उलट काहींचं म्हणणं, चष्म्याचे नंबरच काढायचे तर परदेश हवा कशाला? मेलबर्नमधून पाहताना दोन्ही मतं अपुरी वाटतात.

टाय-अपमुळे परवाना मिळत नाही. भारतीय पदवी घेऊन ऑस्ट्रेलियात आलेल्याला नोंदणीआधी लेखी आणि प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय २०१४ अखेरपासून इथे नव्याने नोंदणी करणाऱ्याला डोळ्यांची औषधं लिहून देण्याची पात्रताही लागते. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने हा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाखाली आला, पण औषध लिहिणं नेत्रतज्ज्ञांकडेच आहे. हे अंतर वेबिनारने भरत नाही.

मग सहकार्य कशात हवं? एकाच रुग्णावर विद्यार्थ्याचं काम शिक्षकाने लगेच पुन्हा तपासण्यात. रेटिनोस्कोपी घ्या, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून परतणाऱ्या झोतावरून नंबर काढणं. ६७ सेंटिमीटरवरून तपासलं तर आलेल्या आकड्यातून १.५० डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचं एकक) वजा करायचे, ५० सेंटिमीटरवरून तपासलं तर २.००. हात आखूड असलेला विद्यार्थी नकळत पुढे सरकतो, वजा मात्र १.५० च करतो, आणि नंबर अर्ध्या डायॉप्टरने प्लसकडे सरकतो. कॅमेऱ्यातून हे कळत नाही. शेजारी अंतर मोजायची दोरी धरून उभा असलेला शिक्षक पहिल्या दिवशी पकडतो.

लहान मुलांच्या तपासणीतही तेच. त्यांच्या डोळ्याचा फोकस सैल करायला आधी थेंब घालतात. सायक्लोपेंटोलेट १ टक्का, थेंब घालून अर्धा तास थांबा, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. पण आपल्या मुलांच्या गडद तपकिरी बुबुळांवर थेंबांचा परिणाम सावकाश होतो. बाहुली मोठी झाली म्हणजे फोकस करणारा स्नायू सैल झाला, असंही नाही. रेटिनोस्कोपीत परतणारा झोत स्थिर नसेल तर आणखी थांबायचं. घाई केली तर प्लस नंबर कमी सापडतो, आणि तिरळेपणा असलेल्या मुलाला अपुरा चष्मा मिळतो.

आणि देवाणघेवाण दोन्हीकडून हवी, हा माझा खरा आग्रह आहे. वाळव्यात, कराडकडे ऊसतोडीच्या हंगामात उसाची पात डोळ्याला लागून बुरशीचा अल्सर, म्हणजे बुबुळावरची जखम, होतो. मेलबर्नच्या विद्यार्थ्याला कॉन्टॅक्ट लेन्समुळे होणारा जिवाणूंचा अल्सर ओळखीचा असतो. बुरशीच्या अल्सरचा पिसासारख्या कडांचा, कोरडा दिसणारा पांढरा डाग त्याला क्वचितच पाहायला मिळतो. रुग्ण आधी मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब घेतो. लाली उतरते, दुखणं कमी होतं, बुरशी मात्र आत पसरत जाते आणि शेवटी डोळ्यात फूल पडतं. अशा डोळ्याचा खरवडलेला नमुना केओएच या रसायनात सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहून नेत्रतज्ज्ञाकडून नॅटामायसिन ५ टक्के हे बुरशीविरोधी थेंब सुरू करवणं, स्टिरॉइड तात्काळ थांबवणं, हे शिकायला मेलबर्नच्या विद्यार्थ्यांनीच सांगलीकडे यायला हवं.

म्हणून करारात पाहुण्या शिक्षकाचा मुक्काम हंगामात असावा, उद्घाटनाच्या आठवड्यात नव्हे. विद्यार्थ्याच्या केस-वहीवर रुग्णाचं वय, तपासणीचं अंतर, थेंबांची वेळ आणि पुन्हा तपासणाऱ्याची सही असावी. वर्षाअखेरीस त्या वह्या दोन्हीकडच्या परीक्षकांनी तपासाव्यात. प्रवास कोणाच्या पैशाने, हेही लिहिलेलं असावं. नाहीतर ऐपत असलेल्या घरातलीच मुलं जातात. प्रवेश घेताना पालकांनी माहितीपत्रकाऐवजी गेल्या वर्षीची अशी एक वही मागून पाहावी.