लांबच्या नेमाला दुसरी गोळी कामाची नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन जणांकडून आला. आधी रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडून, मग देवासकडे शेती करणाऱ्या मावसभावाकडून आणि शेवटी पुतण्याकडून. पुतण्यानं खाली लिहिलं होतं, "काका, आपण घ्यायची का?"

मजकूर थोडक्यात असा. लांब पल्ल्याच्या नेमबाजीला आणि शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफलच घ्यावी. दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे करायच्या बोल्ट अॅक्शन रायफलचा जमाना गेला. फौजेतले स्नायपर सेमी-ऑटोच वापरतात. चांगली दुर्बीण लावली की गोळी खाली पडण्याची काळजी नाही. पहिली गोळी चुकली तरी दुसरी लगेच मारता येते. आणि घोडारोज, म्हणजे नीलगायी, पिकात शिरत असतील तर शेतकऱ्याला परवाना सहज मिळतो. सोबत अमेरिकेतल्या रानडुकरांच्या शिकारीचे फोटो.

मी पंचवीस वर्षं ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर पडून मारायची रायफल नेमबाजी करतोय, इंदूरच्या मुलांना शिकवतोय. पुतण्याला फोनवर 'नको' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मावसभाऊ खरंच पैसे बाजूला काढून बसलाय. म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या गोळीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा मजकूर तिच्यावर उभा आहे. आमच्या खेळात एका वेळी एकच काडतूस भरतात. पोटावर आडवं पडायचं, ठोकळ्यातून एक काडतूस उचलायचं, अंगठ्यानं चेंबरमध्ये सरकवायचं, बोल्ट बंद करायचा, गाल दस्त्यावर टेकवायचा. समोर ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. परवा एका चौदा वर्षांच्या मुलीची गोळी आठात गेली. तिनं घाईघाईनं पुढचं काडतूस भरलं आणि चाप ओढला. सात. मी तिला बोल्ट उघडा ठेवून मान खाली घालायला सांगितलं, वीस श्वास मोजायला लावले. मग विचारलं, "पहिली का गेली?" ती म्हणाली, "डावं कोपर सरकलं होतं." कोपर जागेवर आल्यावर दहा आला. पहिली का चुकली हे कळल्याशिवाय मारलेली दुसरी गोळी तीच चूक पुन्हा करते, फक्त लवकर.

जनावराच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. हरणाच्या छातीतली प्राणघातक जागा साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरची. पहिली गोळी पोटात किंवा पायात बसली की जनावर उधळतं, आणि पळत्या जनावरावर साडेचारशे मीटरवरून दुसरी मारणं म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला. माझ्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती, शिकारबंदीच्या आधीची गोष्ट. मांडीत गोळी बसलेला एक घोडारोज त्यांना दोन दिवसांनी ज्वारीत सापडला, बसलेला, जिवंत. ते सांगताना आजोबांचा आवाज शेवटपर्यंत बदलायचा. त्यानंतर त्यांनी बंदूक फक्त दसऱ्याला पुजली.

आता स्नायपरचा मुद्दा. ड्रॅगुनोव्ह ही रशियन बनावटीची सेमी-ऑटो रायफल आपल्या फौजेत अनेक वर्षं आहे, हे खरं. पण १९६३ साली सोव्हिएत फौजेनं ती स्वीकारली ती तुकडीसोबत चालणाऱ्या नेमबाजासाठी, साधारण ८०० मीटरपर्यंतच्या कामाला. त्यापलीकडचा पल्ला हवा झाला तेव्हा आपल्या फौजेनं नियंत्रण रेषेवर काय आणलं? फिनलंडची साको टीआरजी-४२, .३३८ लापुआ मॅग्नम काडतुसाची. बोल्ट अॅक्शन. म्हणजे मजकुरानं दिलेला दाखला त्याच्याच विरुद्ध जातो. आणि अमेरिकी फौजेकडे एम-११० सारख्या सेमी-ऑटो आहेत, तशीच एमके-२२ ही बोल्टही आहे, लांबच्या कामासाठी.

सेमी-ऑटो मुळात अचूक नसते असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. आजची चांगली सेमी-ऑटो १०० मीटरवर तीन सेंटिमीटरच्या आत गोळ्या घालते. फरक कुठे पडतो ते समजून घ्या. तिच्यात नळीतला थोडा वायू बाजूला काढून त्याच्या जोरावर बोल्ट मागे ढकलला जातो, रिकामी केस बाहेर फेकली जाते, नवं काडतूस आत येतं. या यंत्रणेला ठराविक दाबाचंच काडतूस लागतं. बोल्ट अॅक्शनमध्ये नळीला काही जोडलेलं नसतं, काडतुसाची निवड मोकळी राहते, आणि तेवढीच अचूकता कमी पैशांत, कमी देखभालीत मिळते.

दुर्बिणीबद्दल बोलायलाच हवं. .३०८ बोअरची, १६८ ग्रेन वजनाची गोळी घ्या, रायफल १०० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम जुळवलेला. साडेचारशे मीटरवर ती जवळजवळ दीड मीटर खाली येते. ही घसरण दुर्बिणीच्या चकत्या फिरवून भरून काढता येते, मान्य. पण वारा? ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला तेवढ्याच अंतरात सुमारे अर्धा मीटर बाजूला नेतो, आणि ८०० मीटरवर दोन मीटरच्या आसपास. वाऱ्याचा अंदाज कुठलीही दुर्बीण आपणहून देत नाही. आमच्या माळव्यात वैशाखातल्या दुपारी नेमबाजाजवळचा वारा एक, मधल्या नाल्यावरचा दुसरा आणि निशाणाजवळचा तिसरा असतो. गवत बघून, धूळ बघून, दुर्बिणीत थरथरणारी हवा बघून तो वाचायला वर्षं जातात. शिवाय गोळी पोहोचेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकतं.

फोटोंचं काय? ते खरेच असतील. टेक्सासमध्ये बाहेरून आलेली डुकरं कळपानं शेतं उकरतात आणि लोक ती रात्री शे-दीडशे मीटरवरून मारतात. एकदम दहा-बारा डुकरं धावत सुटली की तिथे सेमी-ऑटोचा खरा उपयोग आहे. पण ती जवळची आणि झपाट्याची शिकार आहे, लांब पल्ल्याची नव्हे. त्याच अमेरिकेत पेनसिल्व्हेनियानं २०१७ मध्ये लहान जनावरांच्या शिकारीला सेमी-ऑटो रायफल मोकळी केली, मोठ्या जनावरांना मात्र नाही. जर्मनीत शिकारीच्या सेमी-ऑटोमध्ये एकूण तीनच काडतुसं भरलेली चालतात. आणि ब्रिटननं हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर, १९८८ मध्ये, .२२ची छोटी काडतुसं मारणाऱ्या वगळता सेमी-ऑटो रायफलींवर बंदीच घातली.

राहिला परवाना. मावसभावानं हा भाग नीट वाचावा. शस्त्र नियमांच्या यादीत सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित गटात आहे, साध्या परवान्यावर मिळणारी ती वस्तू नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यांजवळ परवान्यावर दिसते ती इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल. तीही बोल्ट अॅक्शन.

आणि परवाना हाती असला तरी जनावर मारायची मुभा त्यात येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात १९९१ला दुरुस्ती झाली तेव्हापासून शिकार जवळजवळ पूर्ण बंद आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करावा लागतो, लेखी परवानगी लागते. बिहारचं उदाहरण सगळे देतात. तिथे केंद्रानं २०१५च्या अखेरीस नीलगाय आणि रानडुक्कर उपद्रवी ठरवले, ते काही जिल्ह्यांपुरते आणि वर्षभरासाठी. मध्य प्रदेशाशी त्या अधिसूचनेचा संबंध नाही. आपल्या शेतांत घोडारोजांबरोबर काळवीटही येतात. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात. ज्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचा शिकारबंगला उभा आहे, ती टेकडीसुद्धा १९८९पासून अभयारण्य आहे.

मावसभावाचं दुःख मला कळतं. रात्री राखण करून सकाळी निम्मा हरभरा आडवा पडलेला बघणं सोपं नाही. त्याच्यासोबत मी स्वतः वनखात्यात अर्ज घेऊन जाणार आहे, पंचनाम्यासाठी पिकाचे फोटो त्याला आजच काढायला सांगितलेत. बाजूला काढलेले पैसे कुंपणाला लागतील.

पुतण्याला नेमबाजीच हवी असेल तर वाट मोकळी आहे. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. आपल्याच निमाडातला रायफल नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आज ऑलिंपिकपर्यंत पोहोचलाय, तोही एकेक गोळी भरून. तर बाळा, रविवारी सकाळी सातला रेंजवर ये. पाचशे छर्ऱ्यांचा एक डबा मी तुझ्यासाठी ठेवलाय, आणि पहिला तास त्यातला एकही भरायचा नाही, नुसतं रायफल धरून श्वास सोडायला शिकायचं.