पर्सी ज्युलियन राहून गेले

ओक पार्कच्या नामवंतांवरचा लेख आवडला. शिकागोला खेटून असलेल्या या गावात १८९९ साली जन्मलेला कादंबरीकार हेमिंग्वे आला, वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटचं घर आणि स्टुडिओही आला. पण रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांचा उल्लेखच नाही, हे मनाला लागलं.

काचबिंदूवरचं औषध फायसोस्टिग्माइन त्यांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. पुढे सोयाबीनपासून प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोन्स मोठ्या प्रमाणावर बनवायची वाट त्यांनीच काढली. एवढा मोठा माणूस, पण कृष्णवर्णीय. १९५० मध्ये ओक पार्कात घर घेतलं, तर राहायला यायच्या आधीच, ऐन थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला कृतज्ञतेचा सण) दिवशी, ते पेटवायचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकलं. बाप-लेक अंगणातल्या झाडावर बसून रात्री पहारा देत, वडिलांच्या हातात बंदूक! तरी कुटुंब हललं नाही. पाठीशी उभे राहणारे गोरे शेजारीही होते, हेही सांगायला हवं.

आज तिथल्या एका शाळेला ज्युलियन यांचं नाव आहे. लेखकाला कळकळीची विनंती, लेखात त्यांच्यावर निदान एक परिच्छेद जोडाच. राइटच्या घरांना पाच परिच्छेद दिलेत, तेव्हा जागेची अडचण नसावी.