"थांब, फोन आत ठेवून येते"

आज दुपारी आई मला तिच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल सांगायला बसली आणि पहिल्याच वाक्यात थांबली. "थांब, फोन आत ठेवून येते." गुडघ्यावर हात टेकत उठली, आतल्या खोलीत गेली, फोन कपाटात ठेवून कपाटाचं दार लावून आली. मग माझ्यापुढे हात केला, "तुझाही दे."

मी वैतागले. काहीतरीच काय आई, म्हटलं. तर म्हणाली, "ते ऐकतं गं. मावशीशी गुडघ्याचं बोलले, दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती सुरू."

स्वतःच्या घरात, पोटच्या मुलीशी, स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलताना माझी आई आवाज खाली आणते. चार तास झाले, राग उतरत नाहीये, म्हणून लिहितेय.

ती जाहिरात माईकमुळेच आली असं मी म्हणणार नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली होती आणि चोरून आवाज टिपणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही ॲप्स स्क्रीनवर जे चाललंय ते टिपून परस्पर तिसऱ्यालाच पाठवत होती, हे मात्र सापडलं. मावशीने त्या पट्ट्या शोधल्या असतील, दोघी एकाच वायफायवर होत्या, त्यावरून कुणीतरी नातं जोडलं असेल. बरं, मान्य.

पण म्हणून आई वेडी ठरते का? 2019 मध्ये बातमी आली की सिरीची, म्हणजे ॲपलच्या हाक मारून काम सांगायच्या असिस्टंटची, रेकॉर्डिंग्ज तपासायला बाहेरची माणसं नेमलेली होती, आणि कुणी हाक न मारता सिरी चुकून जागी झाली तेव्हाचं बोलणंही त्यांच्या कानावर पडत होतं. त्यात डॉक्टर-पेशंटमधलं बोलणंसुद्धा होतं. डॉक्टर-पेशंटमधलं! ॲपलने त्याच वर्षी माफी मागितली. सिरीच्या अशा चुकून जागं होण्यावरून चाललेला दावा मिटवायला 2024 च्या अखेरीस साडेनऊ कोटी डॉलर द्यायची तयारी दाखवली, चूक मात्र कबूल केली नाही. गुगल आणि ॲमेझॉनच्या असिस्टंटची रेकॉर्डिंग्जही माणसं ऐकत होती, तेही त्याच वर्षी बाहेर आलं. आता सांगा, कपाटात फोन ठेवणारी बाई चुकली कुठे?

मी तिचा फोन कपाटातून काढला आणि तिच्या शेजारी बसून सेटिंग्ज उघडली. प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर, मग मायक्रोफोन. तेवीस ॲप्स. तेवीस! व्हॉट्सॲप समजू शकते, तिला व्हॉइस मेसेज पाठवायचे असतात. व्हिडिओ कॉलचं ॲपही ठीक. पण वॉलपेपरच्या ॲपला माईक कशाला? दोन-दोन कीबोर्डना कशाला? आणि ती रोज झोपण्यापूर्वी चित्राचे तुकडे जुळवण्याचा जो गेम खेळते, त्याला? तुकडे बोटाने सरकवायचे असतात, त्यांच्याशी बोलायचं नसतं.

"याला तू परवानगी का दिलीस?" मी विचारलं. जरा जोरातच विचारलं. त्याचं आता वाईट वाटतंय.

ती म्हणाली, "मला वाटलं, हो म्हटल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. परवानगी मागणारी ती चौकट बरोबर अशा वेळी येते की माणूस काहीतरी करायच्या गडबडीत असतो. आईला वाटतं, नाही म्हटलं तर काहीतरी बिघडेल, मग पोरांना फोन करावा लागेल, पोरं चिडतील. (मी चिडलेच ना आज.) म्हणून ती हो म्हणते. आणि त्या हो ला कंपन्या संमती म्हणतात. स्पेनच्या ला लीगा या फुटबॉल लीगच्या ॲपने लोकांच्या फोनचे माईक वापरून कुठल्या बारमध्ये पैसे न भरता मॅच दाखवतायत ते शोधलं, आणि 2018 मध्ये ते मान्यही केलं. माईक लोकांनीच दिला होता म्हणे, 'हो' दाबून. मॅचचे स्कोअर बघायला घेतलेल्या ॲपला हो म्हणणाऱ्या माणसाने शेजारच्या बारची खबर द्यायला होकार दिला होता का?

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय" असं लिहायला जे कुणी आत्ता सरसावलेत, त्यांनी हात आवरावा. माझी आई काही लपवत नव्हती. रिपोर्टमध्ये काय आलंय ते आधी मला सांगायचं आणि मग बाकीच्यांना, एवढंच तिला स्वतः ठरवायचं होतं. तुमच्या आईलाही तेवढंच हवं असेल.

बाकी अर्धा तास आम्ही दोघींनी ती यादी साफ केली. गेमला, वॉलपेपरला, कीबोर्डना 'परवानगी देऊ नका'. खरेदीच्या ॲपला 'दर वेळी विचारा', कारण ती कधीमधी बोलून शोधते. व्हॉट्सॲपला 'फक्त ॲप वापरताना'. प्रत्येक वेळी ती विचारायची, "बंद नाही ना पडणार?" एकही बंद पडलं नाही. गेम उघडून दाखवला, तुकडे पूर्वीसारखेच सरकले. ते बघून ती जी हसली ना, त्यावर माझा अर्धा राग गेला. असिस्टंटचं हाकेला जागं होणंही बंद केलं.

मग तिला वरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका दाखवला. अँड्रॉइडवर 2021 पासून माईक किंवा कॅमेरा चालू झाला की तो दिसतो, आयफोनवर 2020 पासून माईकसाठी नारिंगी. तिला तो आधीही दिसायचा, पण ती समजायची बॅटरीचं काहीतरी असेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. फोन घेऊन दिला, कव्हर बसवून दिलं, ते फोटोचं काय ते लावून दिलं, आणि हे राहिलं. वरून पडदा ओढला की सगळ्या ॲप्सचा माईक एका टिचकीत बंद करायचं बटण असतं, तेही आजच पुढे आणून ठेवलं. आधी ते तिच्या पडद्यावर नव्हतंच, पेन्सिलच्या खुणेत दडलेलं होतं.

मागच्या चोवीस तासांत माईक कुणी वापरला याचीही नोंद असते. तिच्या फोनवर त्यात तो गेम नव्हता. म्हणजे काल तरी ऐकलं नाही. परवाचं विचारू नका, तिच्या फोनवर नोंद चोवीस तासांचीच दिसते.

कंपन्यांनी या सोयी दिल्या हे चांगलंच केलं. पण खरंच गरज पडेपर्यंत माईक मागायचाच नाही, असं ठेवायला काय हरकत होती? तुकडे जुळवण्याच्या गेमला माईक मागूच द्यायचा नाही, एवढंही जमू नये? सत्तरीच्या बाईने पाच पडदे ओलांडून स्वतःच्या घरातला आवाज परत मिळवायचा, याला मी सोय म्हणणार नाही.

सगळं झाल्यावर तिला म्हटलं, आता बोल, काही होत नाही. तिने फोनकडे पाहिलं. ठिपका नव्हता. तरी उठली, आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. या वेळी तिने हात पुढे केला नाही. मीच माझा फोन नेऊन तिच्या फोनशेजारी ठेवला, दार लावलं, आणि मग आम्ही रिपोर्टबद्दल बोललो.