मेगाब्लॉक जेवला का?

मांजरीच्या पिल्लांचं दूध सोडवणं एक वेळ जमेल. भोवतालच्या माणसांच्या डोक्यातून दूध काढणं मात्र महाकठीण. पार्ले पूर्वेतल्या आमच्या सोसायटीत हा कार्यक्रम नुकताच पार पडला आणि माझ्या अंगावर त्याचे ओरखडे अजून आहेत.

मीटरच्या खोलीत एक भटकी मांजर व्याली होती. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या खोलीत पाणी शिरायचं ही आमच्याकडची परंपरा. त्यामुळे आई आणि चार पिल्लं असा सगळा संसार आमच्या गॅलरीत आला. लेकीने लगेच बारसं उरकलं. फास्ट, सेमी-फास्ट, स्लो आणि मेगाब्लॉक. मेगाब्लॉक म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचं ते पिल्लू, जे आईच्या पोटाशी आडवं पडलं की बाकी तिघांची वाहतूक दोन्ही दिशांना ठप्प व्हायची. त्यांच्या आईला आम्ही ‘बाई’ म्हणू लागलो, कारण तिच्या चेहऱ्यावर सातवी ‘ब’च्या वर्गशिक्षिकेचा भाव होता.

बातमी फुटली आणि दूध यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी साय काढलेलं दूध पेल्यातून पाठवलं. तळमजल्यावरचे काका तर अर्ध्या लिटरची न फोडलेली पिशवीच घेऊन आले. सोसायटीच्या देखभालीची पावती चार महिने भरली नव्हती त्यांनी, पण मांजर म्हटल्यावर हात सैल. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आधीच बजावलं होतं की गाई-म्हशीचं दूध या पोटांसाठी नाही. त्यातली साखर त्यांना झेपत नाही, प्रथिनं मांजरीच्या दुधापेक्षा कितीतरी कमी, आणि जेमतेम चारशे ग्रॅमच्या जिवाला जुलाब लागले तर अंगातलं पाणी बघता बघता जातं. मी हे काकांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, “मग पाणी घालून द्या.”

पिल्लांना आता खायला घाला, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम चौथ्या आठवड्यात आला. त्याआधी बाईंनी तो स्वतःच जाहीर केला होता. पिल्लं लुचायला लागली की ती दोन मिनिटांत ताडकन उठायची आणि कठड्यावर जाऊन बसायची. मी सेमी-फास्टच्या तोंडात करंगळी घालून पाहिली तेव्हा कारण कळलं. हिरडीवर पुढच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे दात आले होते, आणि कणी चांगलीच टोचत होती. बाई उठून का जात होती, हे मला करंगळीवर समजलं.

आता प्रश्न, द्यायचं काय. आईचं मत पक्कं होतं. मऊ भात, वर तूप, मेतकूट. आमच्या घराण्यात सगळी मुलं यावरच वाढली आणि त्यातली दोन तर बँकेत मॅनेजर झाली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर आईशी थेट बोलायचं धाडस केलं. मांजर पक्कं मांसाहारी, टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला हवंच असतं, ते त्याचं शरीर पुरेसं बनवत नाही, मांसातूनच घ्यावं लागतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. आईने सगळं ऐकलं. “तुपात नसतं का ते?” असं विचारलं. नाही म्हटल्यावर फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “लहान वयाची दिसतेय. आपण परळला बैलघोडा हॉस्पिटलात दाखवू या.”

पण उष्टावण करायचंच, यावर ती अडून बसली. रीतसर. चांदीची वाटी निघाली, रव्याची खीर झाली. मांजरांना गोड चवच लागत नाही, गोड ओळखणारा त्यांचा एक जनुक निकामी झालेला असतो आणि २००५ साली शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलंय, हे मी सांगितलं. आई म्हणाली, “म्हणूनच असा स्वभाव.” मग उष्टावण करायला मामा हवा. मांजर ही वाघाची मावशी, त्या हिशोबाने वाघ हा पिल्लांचा मावसभाऊ, इथपर्यंत वंशावळ लागली. मामा कोण, ते मात्र कुणालाच सांगता येईना. शेवटी माझ्या मेव्हण्याला बोलावलं. मालवणी माणूस, खीर पाहूनच तो आला. मेगाब्लॉकने खिरीचा वास घेतला आणि मेव्हण्याच्या अंगठीला चावला. खीर मेव्हण्याने संपवली.

खरं पहिलं जेवण दुसऱ्या दिवशी झालं. पिल्लांसाठी मिळतं ते ओलं मांसाहारी खाणं गरम पाण्यात सरसरीत कालवायचं, गुठळी ठेवायची नाही. कोमट हवं, साधारण ३८ अंश, म्हणजे मांजरीच्या अंगाएवढं. थंडगार असलं की वास उडत नाही, आणि वास नसला तर त्यांच्या लेखी ते अन्नच नाही. चांदीची वाटी खोल म्हणून बाद झाली. पिल्लू पोटावर, चारही पाय जमिनीला टेकलेलं असताना खातं. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. (हे काकूंना तीनदा सांगावं लागलं. त्यांनी पदर पसरून ठेवला होता.) शेवटी पोळ्यांच्या डब्याचं झाकण उलटं करून ठेवलं.

फास्ट सरळ चालत आली आणि झाकणात जाऊन उभी राहिली. चारही पाय आत. पंजाला काहीतरी चिकटलंय हे लक्षात आल्यावर तिने पंजा झटकला, भिंतीवर तीन थेंब उडाले, पंजा पुन्हा खाली ठेवला, पुन्हा चिकटलं. मग तो चाटला. आणि मग जे थबकली! डोळे मोठे, जीभ अर्धी बाहेर. त्यानंतर ती एकेक पंजा बुडवून चाटत गेली, झाकणात तोंड घालायचं असतं हे तिला दोन दिवस सुचलं नाही. सेमी-फास्टने नाक बुडवलं आणि शिंकली. स्लो झाकणात बसली आणि तिथेच झोपली. एवढ्यात बाई कठड्यावरून उतरली आणि स्लोला एका पंजाने बाजूला सारून सगळं झाकण चाटून पुसून लख्ख केलं. मी तिला हाकलणार, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाऊ दे तिला, पिल्लं तिचं बघूनच शिकतात. म्हणजे आता पाच तोंडांचा स्वयंपाक.

बायकोने कोंबडी उकडून त्यात मिसळायचं ठरवलं. साधी उकडलेली, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण ते मांजरांना विषारी. “म्हणजे आमच्यापेक्षा सोवळी!” आई पहिल्यांदाच कौतुकाने म्हणाली. ते कौतुक बायकोने मिक्सरचं छोटं भांडं हातात घेईपर्यंत टिकलं. ते आईचं चटणीचं भांडं. त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. पिल्लांसाठी दादरहून वेगळं भांडं आलं, एवढं सांगतो.

आणि एक गोष्ट मला कुणीही आधी सांगितली नव्हती. पिल्लं जोवर नुसती दुधावर असतात तोवर त्यांचं शी-शू आई चाटून साफ करते. गॅलरी त्यामुळे देवघराइतकी स्वच्छ होती. पोटात अन्न जायला लागलं, आणि बाईंनी हे खातं एका रात्रीत सोडलं. निरोप समारंभ नाही, कार्यभार हस्तांतरण नाही. सकाळी मी गॅलरीत पाऊल टाकलं आणि सोडल्याचं मला चपलेवर कळलं. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू असल्यामुळे वाळूचा तोटा नव्हता. घमेलंभर वाळू बिल्डरच्या माणसाकडे मागायला गेलो तेव्हा त्याने “कशाला?” विचारलं आणि खरं उत्तर ऐकून दोन घमेली दिली.

या सगळ्यात मेगाब्लॉक जेवेना. बाकी तिघं झाकणात तोंड घालू लागली, हा मात्र बाईच्या मागे लोंबकळत कठड्यापर्यंत जायचा. आई लाडूचं सामान तोलते त्या काट्यावर आम्ही रोज सकाळी वजनं करायचो. रोज दहा-पंधरा ग्रॅमची भर पडायला हवी. बाकीच्यांची पडायची, याचा आकडा मुंबईच्या ट्रॅफिकसारखा. बोटाला लावून चाटवलं, तर बोट चावलं. ओठाला लावलं, तर उशीला पुसलं. माशांच्या मावशी म्हणाल्या, मांदेली उकडून द्या. पण १ जूनपासून बोटी बंद, मांदेली कुठून आणणार. म्हणून त्यांनीच मूठभर सुका जवळा दिला. डॉक्टरीणबाईंनी मीठ फार म्हणून नकार दिला. वासाने बाई मात्र दोन दिवस बायकोच्या पायात पायात.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी चौकशी सुरू झाली. “मेगाब्लॉक जेवला का?” तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले होते. त्यांनी एकदा मध्यरात्री लिहिलं, “रविवारी हार्बरला आहे, वेस्टर्नला नाही.” त्याला सतरा अंगठे मिळाले.

खाली पार्किंगमध्ये कुत्रीची पिल्लं साधारण त्याच वयाची होती. वॉचमनने ताट ठेवलं की दीड मिनिटात ताट उलटं. त्यांना बिस्किटं घालू नकोस म्हणून मी त्याला सांगून पाहिलं. पार्ल्यातला बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, बिस्किटावरची श्रद्धा चालू आहे. काकांनी दोन्ही पक्षांचा अभ्यास केला होता. “कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस, मांजराच्या पिल्लाला सव्वीस,” ते म्हणाले. “दोन दात कमी, आणि नखरे बघा.” हे वाचलं कुठे, विचारल्यावर त्यांनी विषय बदलला.

मेगाब्लॉक अखेर एका रात्री जेवला. चौथ्या आठवड्यानंतर मांजर पिल्लांसाठी शिकार आणू लागते म्हणतात, तसं बाईंनी कुठूनतरी एक झुरळ आणून त्याच्यापुढे टाकलं. अर्धमेलं. त्याने मान तिरकी केली, पंजा मारला, आणि कडक्‌ असा आवाज आला. आम्ही मिसळलेलं, कोमट केलेलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं सगळं एका बाजूला, आणि गटारातलं झुरळ एका बाजूला. पंख तेवढे ठेवले. मग तडक झाकणाशी गेला आणि तोंड वर न काढता जेवला, जणू आजवर आम्हीच त्याला उपाशी ठेवलं होतं. ग्रुपवर कळवलं. डॉक्टरीणबाईंनी जंताच्या औषधाची तारीख अलीकडे ओढली. काकांनी लिहिलं, “झुरळ उष्ण. वरून चमचाभर दूध द्या.”

आठव्या आठवड्याच्या सुमाराला चौघंही पूर्ण जेवणावर आली आणि घरं शोधायला हरकत नाही असं ठरलं. फास्ट बोरिवलीला गेली. सेमी-फास्ट ठाण्याला, म्हणजे लाइन बदलून. मेगाब्लॉक हलायला तयार नव्हता, तो आमच्याकडेच आहे. आणि स्लोला काकांनी नेलं. मी पिशवीभर सूचना द्यायची तयारी केली होती. त्यांनी माझ्या हातातून झाकण काढून घेतलं, पालथं केलं, कड बोटाने तपासली आणि म्हणाले, “हे फार खोल आहे हो. कुणी दिलं तुम्हाला?”

तेव्हापासून जिन्यात त्यांच्या हस्ताक्षरात पाटी लागलीय, ‘प्राण्यांना दूध घालू नये’, खाली लाल शाईने दोन रेघा. काकूंना पेला घेऊन उतरताना त्यांनी दोनदा परत पाठवलं. परवा सर्वसाधारण सभा होती. रिडेव्हलपमेंटचा विषय पुकारण्याआधी काका उठले आणि टॉरिनवर बोलत राहिले. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, त्यांनी हात दाखवला. बिल्डरचा माणूस शेवटच्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेत होता.