‘आधी बोला’ म्हणजे कोणी बोलायचं?

तुमचा आक्षेप असा, की जोडीदाराचं पॉर्न पाहणं हे सरळ व्यसन आहे आणि अशा वेळी जोडीदाराशी ‘आधी बोला’ असा सल्ला देऊन मी दुखावलेल्या बाईच्याच गळ्यात आणखी एक काम मारलं. तुमच्या रागामागचं दुःख कळतं. तरीही सरसकट व्यसनाचा शिक्का मला मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या अधिकृत यादीत (२०२२ पासून लागू) लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार आहे. तो व्यसनांमध्ये नाही, आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये धरलाय. सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला हवा आणि त्यापायी तब्येत, काम, नाती यांची आबाळ किंवा मोठा मनस्ताप व्हायला हवा. निव्वळ ‘मी पाप करतोय’ या टोचणीवरून ते निदान होत नाही. खरंच ताबा सुटला असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. पण ऊठसूट कुणालाही व्यसनी ठरवलं की तो एकतर हात वर करतो, नाहीतर भांडायला उठतो. मूळ दुखणं तसंच राहतं.

ते दुखणं कुठलं? ती खोलीत आली की फोन पालथा होतो. ती विचारते, ‘माझा कंटाळा आलाय का?’ तो म्हणतो, ‘त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही.’ त्याला वाटतं, आपण धीर दिला. तिला मात्र ऐकू येतं, की याच्या इच्छेच्या जगात मला जागाच नाही. पडद्यावर नकार नसतो, थकवा नसतो, समोरच्याचा मूड सांभाळावा लागत नाही. जवळिकीत हे सगळं असतं. त्यातून अंग काढायला पॉर्न ही सोपी पळवाट होते, आणि मग पाठ करून झोपणं अंगवळणी पडतं. २०१७ साली ५० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरुषांमध्ये पॉर्न पाहणं आणि नात्यातलं कमी समाधान यांचा संबंध दिसला, बायकांमध्ये दिसला नाही. आधी काय, नंतर काय, हे मात्र अशा आकड्यांवरून ठरत नाही. एकटेपणामुळेही माणूस तिकडे वळतो.

म्हणून तोंड उघडायचं ते ज्याने लपवलं त्याने. ‘मी पाहतो, कधी पाहतो, तुझ्यापासून का लपवलं’ एवढं त्याने आपणहून सांगावं आणि ती रडली, चिडली तरी उठून जाऊ नये. पडद्यावरचं तिच्याकडून करून घ्यायचा हट्ट असेल, तर तिचा नकार तिथेच अंतिम. आणि तो बोलायलाच तयार नसेल, तर तिने एकटीने समुपदेशकाकडे जावं. त्यासाठी त्याच्या होकाराची वाट पाहू नये.