तंबू ठोकण्याआधी शेजारचं घर गाठा

नेपाळहून परत येऊन आठ दिवस झाले, गाडीच्या डिकीतनं अजून रेती निघते. फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय : "तिकडं कुठंही तंबू ठोकता येतो ना? कोण विचारत नाही ना?" म्हणून तिथला एक दिवस सविस्तर सांगतो.

कोल्हापूर सोडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सोनौलीची हद्द ओलांडली. मतदान कार्डं दाखवली, गाडीचं आरसी बुक आणि लायसन्स देऊन जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचा भन्सार, म्हणजे गाडीचं सीमाशुल्क, भरला, घड्याळं 15 मिनिटं पुढं केली. आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160. व्हिसा लागत नाही. मला सगळ्यात जास्त धीर दिला तो पाट्यांनी. सगळं देवनागरीत. 'बाटो' वाचलं की आपली वाटच आठवते, परकं असं वाटतच नाही.

बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. सिद्धबाबाच्या टप्प्यात दरडींची भीती कायम, त्यामुळं करूळ घाटात पावसाळ्यात चालवतो तशीच गाडी चालवली. तानसेनला डाळ-भात खाल्ला आणि दुपारी रामदीच्या पुलावर कालीगंडकी दिसली. आमच्या आजीच्या देवघरातला शाळिग्राम याच नदीच्या वरच्या अंगाचा. गाडी बाजूला घेऊन चौघांनीही हात जोडले.

एका ॲपवर पुढं नदीकाठी रेतीची सपाट जागा दाखवली होती. कॅम्पिंगसाठी उत्तम, फुकट, निवांत. जागा खरंच तशी होती. तंबू पसरला, दोन खुंट्या ठोकल्या. तेवढ्यात वरच्या पायवाटेनं एक बाई उतरली. पाठीवर गवतानं भरलेली बांबूची मोठी टोपली, तिला डोको म्हणतात, आणि तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला. मान हलवायची सोय नाही, म्हणून अख्खं अंग आमच्याकडं वळवून ती म्हणाली, "पानी बढ्छ."

मग हिंदीत समजावलं. काही वर्षं नवऱ्याबरोबर पुण्यात राहिलेली होती. वर धरण आहे, पाणी कधी सोडतील ते इथं सांगायला कोण येणार, लेकरांनो वर चला, म्हणाली. वर मिर्मीला 144 मेगावॉटच्या वीज प्रकल्पाचं धरण आहे हे मी घरून वाचून गेलो होतो. तरी खुंट्या ठोकल्याच होत्या. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इथं आपल्या घरात सामान वर चढवायची घाई सुरू होते. 2019 आणि 2021 चे पूर भोगलेली माणसं आम्ही, आणि परक्या नदीत रेतीवर झोपायला निघालो होतो. ही गोष्ट मला अजून टोचते.

दिदीनं घराशेजारच्या रिकाम्या वाफ्यात जागा दिली. धान काढून झालं होतं, खुंटं टोचत होती, पण जमीन कोरडी. शेकोटीसाठी फांद्या गोळा करायला निघालो तर तिनं समोरची पाटी दाखवली : 'सामुदायिक वन'. तिथं असली जंगलं गावातला उपभोक्ता समूह राखतो, 1993 च्या कायद्यानं त्यांना तो हक्क मिळाला. म्हणजे आपल्याला 'जंगलातलं लाकूड' वाटतं ते कुणीतरी राखलेलं, मोजून वापरायचं लाकूड असतं. आम्ही गॅसची शेगडी काढली.

रात्री तिनं ढिंडो दिला, म्हणजे पीठ पाण्यात घट्ट शिजवून केलेला गोळा. कोदोच्या पिठाचा, आणि त्यांचा कोदो म्हणजे आपली नाचणी. बरोबर गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं आंबूस कालवण. आम्ही घरची कांदा-लसूण चटणी पुढं केली. तिनं बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, "पिरो!" म्हणाली आणि परत घेतली. सकाळी पैसे काही केल्या घेईना. चटणीची बरणी मात्र ठेवून घेतली.

त्या रात्री नदी चढली नाही, हेही खरं सांगतो. पण म्हणून रेतीवर झोपणं बरोबर ठरत नाही.

"कोण विचारत नाही ना?" हा प्रश्नच मला खटकतो. विचारायचं आपण असतं. मसाई पठारावर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, बाटल्या, काचा, जळालेल्या गवताचे काळे गोल. तिथंही आलेल्यांना वाटलं असणार की ही जागा कुणाची नाही. पन्हाळ्याच्या बाजूची गुरं तिथंच चरतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी जरूर जा. मुक्कामाच्या जागी उजेड असतानाच पोहोचा, जवळच्या घरात जाऊन विचारा, ते सांगतील तिथं तंबू टाका, कचरा गाडीत भरून परत आणा. भन्सार, रस्ता, गाडी याबद्दल काहीही विचारा, सगळं सांगेन. फक्त दिदीच्या घराचं लोकेशन मागू नका. तिनं चौघांना जागा दिली, तिच्या वाफ्यात चाळीस तंबू लागावेत असं मला वाटत नाही.