तिनेच केलं, करवून घेतलं, की दोघांनी मिळून?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोल आला. टाकी धुण्याचा नव्हे, गणपतीच्या वर्गणीचा नव्हे. सध्या सगळ्या चॅनलवाल्यांची चूल ज्या केसवर पेटतेय, त्या केसचा. नवरा गेला, बायको आत आहे, अजून आरोपपत्रसुद्धा दाखल नाही. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पोलमध्ये पर्याय तीन. तिनेच केलं. तिने करवून घेतलं. दोघांनी मिळून केलं. आणि पुढे तो हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारा पिवळा इमोजी.

'माहीत नाही' म्हणायची सोयच नाही.

लिफ्ट बंद आहे, काय करायचं, असं विचारलं की याच ग्रुपवर पंधरा-पंधरा दिवस कोणी हूं की चूं करत नाही. आज माझा चहा उकळेपर्यंत निम्म्या बिल्डिंगचं मतदान उरकलं होतं. मी एवढंच लिहिलं, 'पुरावा काय?' तर बी विंगमधल्या काकूंनी (शिकलेल्या आहेत, रिटायर्ड शिक्षिका) तो व्हिडिओ परत टाकला. पोलिसांच्या गाडीतून उतरताना ती बाई ओढणी सारखी करते आणि बाजूच्या महिला पोलिसाकडे पाणी मागते. खाली काकूंचा शेरा: 'डोळ्यात टिपूस तरी आहे का बघा.'

तेव्हापासून डोकं सणकलंय. ऑफिसात दिवसभर गप्प होते. आता जेवणं आवरून बसलेय. लांबलचक होणार आहे, कंटाळा येणार असेल तर आत्ताच पुढे सरका.

मला हे टिपूस प्रकरण लहानपणापासून माहीत आहे. आमची मामी. आज जिथे हा टॉवर उभा आहे तिथेच आमची चाळ होती, लालबागची. आमची खोली पहिल्या मजल्यावर, मामाची दुसऱ्या. मामा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मामासारख्या अडीच लाख माणसांचं काय झालं ते इथे सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरात तेच झालंय. मामा दारूला लागला. संपानंतर दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री पिऊन वर चढताना लाकडी जिन्यावरून पाय सटकला, डोकं खालच्या फरशीवर. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं.

मामी रडली नाही. एकदाही नाही. बायका बांगड्या फोडायला आल्या तर तिने त्यांना हात लावू दिला नाही, स्वतःच एकेक करून काढल्या आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. 'पोरीला होतील,' म्हणाली. मी तिथे उंबऱ्यात उभी होते, पाचवीत असेन. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ती हंडा-कळशी घेऊन नळावर.

झालं. दिवस उजाडायच्या आत निकाल लागला होता. हिनेच ढकललं.

पोलीस आले, पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झालं, अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होऊन कागद बंद झाला. हवालदार चहा पिऊन गेला. चाळीची केस मात्र बंद झालीच नाही. त्यांच्याकडे काय होतं? आदल्या संध्याकाळी भांडण झालं होतं. (कुणाच्या खोलीत होत नव्हतं?) बांगड्या फोडू दिल्या नाहीत. आणि नळावर आली.

आता मला सांगा, तो पोल आणि हे, यात फरक काय आहे?

आणि हे काही फक्त आमच्या चाळीचं नाही. बाबा नानावटीच्या केसबद्दल नेहमी सांगायचे. तेव्हा ते नुकते फोर्टात नोकरीला लागले होते, इंग्रजी अडखळत वाचायचे, पण ब्लिट्झ साप्ताहिकासाठी रांग लावायचे. २५ पैशांचा अंक २ रुपयांना जायचा. २७ एप्रिल १९५९. कमांडर कावस नानावटी. बायको सिल्व्हियाने सांगितलं की आपलं मन प्रेम आहुजा नावाच्या माणसावर बसलंय. याने तिला आणि मुलांना मेट्रो थिएटरला सोडलं, जहाजावर जाऊन काहीतरी थाप मारून पिस्तूल घेतलं, आहुजाच्या फ्लॅटवर गेला, तीन गोळ्या घातल्या आणि स्वतःच पोलिसांत हजर झाला. बचाव असा की झटापटीत गोळ्या सुटल्या. आता आहुजा नुकता अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. म्हणे झटापट झाली, आणि टॉवेल जागचा हलला नाही! सरकारी पक्षाने हे कोर्टात मांडलं. ज्युरीने, म्हणजे कौल द्यायला बसवलेल्या नऊ साध्या माणसांनी, ऐकलं, आणि ८ विरुद्ध १ असा कौल दिला: निर्दोष.

का? तर गडी उंचापुरा, पांढऱ्या गणवेशात छातीवर पदकं लावून उभा. देशाचा सैनिक, गोरापान, सुखी संसार. आणि मेलेला कोण, तर बायकांच्या मागे लागणारा श्रीमंत. बाजारात आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तुलं खेळणी म्हणून विकायला आली होती. एका मेलेल्या माणसाच्या टॉवेलची खेळणी! सेशन्स जज मेहतांनी तो कौल मानला नाही, हायकोर्टाकडे पाठवला. हायकोर्टाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, १९६१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. आणि १९६४ ला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. मग मंडळी कॅनडाला गेली.

बाबा हे सांगताना दर वेळी नानावटीच्या बाजूचे असायचे. 'पण माणूस मर्द होता हां.' आणि हेच बाबा वरच्या मजल्यावरच्या आपल्या मेहुण्याच्या बायकोबद्दल चाळ काय बोलते ते ऐकून घ्यायचे. एक शब्द कधी बोलले नाहीत. बाबा आज नाहीत, म्हणून जास्त लिहीत नाही.

तर ज्याने गोळ्या घातल्या तो हीरो, कारण रुबाबदार होता. आणि मामीने काही केलं नाही तरी ती खुनी, कारण नळावर गेली.

आरुषीची केस आठवा. नोएडा, मे २००८. पोरगी गेली तेव्हा पहिल्या दिवशी सगळा देश म्हणत होता, नोकराने केलं, हेमराज पळाला, नेपाळला गेला असेल. दुसऱ्या दिवशी हेमराजचा मृतदेह त्याच घराच्या गच्चीवर सापडला. म्हणजे ज्याला तुम्ही खुनी ठरवलं तो बिचारा वर मरून पडला होता. इतकं झाल्यावर तरी माणूस जरा गप्प बसेल? छे. मग आईचा नंबर. नूपुर तलवार टीव्हीवर बोलली आणि रडली नाही. बस्स. माझ्या ऑफिसातल्या बायका डबा खाता खाता म्हणायच्या, 'आई असून एक अश्रू नाही.' मी तेव्हाही भांडले होते. २०१० मध्ये सीबीआयनेच पुरावा पुरेसा नाही म्हणून केस बंद करायला मागितली होती, तरी खटला चालला, २०१३ ला आई-बाप दोघांना जन्मठेप झाली, आणि ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने दोघांनाही सोडलं. मग त्या डबेवाल्या बायका काय म्हणाल्या? 'पैसेवाले ना, सुटणारच.'

म्हणजे कोर्टाने धरलं तर 'बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?' आणि सोडलं तर 'कोर्ट विकलं गेलं.' यांना चुकायची मुभाच नाही, किती छान!

आणि २०२०. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे घरात बसून काय बघत होतो, जरा आठवा. सुशांत सिंग गेला, वाईटच झालं, माझाही आवडता होता. पण त्या रियाला तुम्ही काय काय म्हणालात? चेटकीण म्हणालात, काळी जादू करणारी म्हणालात. बॅलार्ड इस्टेटला चौकशीला जाताना कॅमेऱ्यांच्या घोळक्यात ती चेंगरत होती आणि आपल्याकडे घराघरात लोक पोहे खात बघत होते. अटक झाली, तीही ड्रग्जच्या केसमध्ये, भायखळ्याच्या जेलमध्ये २८ दिवस काढले. त्याच ऑक्टोबरात एम्सच्या डॉक्टरांनी खून नाही म्हणून सांगितलं. पुढच्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने या मीडिया ट्रायलवरून चॅनलांना चांगलंच झापलं. आणि मार्च २०२५ ला सीबीआयने केस बंद करायचा रिपोर्ट दिला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणी पोल टाकला नाही. त्या दिवशी कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो होते.

बरं, मान्य. कोर्टं काही देवळं नाहीत. तारखा पडतात, साक्षीदार फिरतात, पैसा बोलतो. दिल्लीत गोळी घालून मारलेल्या जेसिका लालच्या केसमध्ये फेब्रुवारी २००६ ला सगळे सुटले होते, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले म्हणून चक्रं हलली आणि डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने मुख्य आरोपी मनू शर्माला दोषी धरलं. ठीक. पण तेव्हा लोक विचारत होते की इतके साक्षीदार एकदम कसे उलटले. कोणाच्या डोळ्यात टिपूस आहे ते नव्हते मोजत.

आणि हो, सध्याच्या केसमधल्या बाईने केलंही असेल. असेल. मी कुठे म्हणतेय ती सती-सावित्री आहे? केलं असेल तर सिद्ध होऊ दे आणि भोगू दे. पण ओढणी सारखी केली हा पुरावा नाही हो! चार कॅमेरे तोंडावर आल्यावर तुम्ही काय कराल? मी तर आधी केस सारखे करेन.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला होता, पण परत मामी आठवली.

मामा तिला मारायचा. हे कुणी बोलत नाही. दहा बाय बाराच्या खोल्या, मधल्या भिंती पातळ, अख्खा मजला ऐकायचा. रात्री अकराला तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलेलं सगळ्यांनी ऐकलंय. माझी आई वर धावायची, बाबा तिला मागे ओढायचे, 'नवरा-बायकोचं आहे.' बाकीच्या खोल्यांच्या कड्या आतून. जे तेव्हा कड्या लावून बसले होते, तेच तो मेल्यावर साक्षीदार झाले, तेच वकील झाले आणि तेच जज. तिच्या दाराबाहेर उभं राहून तिच्या अश्रूंचा हिशेब मागायला आले. कोणत्या तोंडाने?

मोठी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, मामी, तू रडली का नाहीस? पोळ्या लाटत होती, डब्यांचं काम करायची ना ती. लाटणं न थांबवता म्हणाली, 'साडेपाचला पाणी जायचं, गो.' बास, एवढंच.

याची किंमत काय झाली तेही सांगते, कारण पोलवाल्यांना वाटतं की आपण नुसती गंमत करतोय. मामेबहिणीचं स्थळ जमत आलं होतं. मुलाकडचा माणूस चाळीत चौकशीला आला. तळमजल्यावर त्याला सरबत देऊन सांगण्यात आलं, 'मुलगी सोन्यासारखी आहे हो, फक्त आईचं जरा...' पुढे काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. स्थळ मोडलं. मामीने त्या महिन्यात खोली विकायला काढली, मिळेल त्या भावात दिली आणि डोंबिवलीला गेली. काही वर्षांनी चाळ पाडून टॉवर झाला. आम्हाला त्यात फ्लॅट मिळाला, मी आज चौदाव्या मजल्यावर बसून हे लिहितेय. मामीलाही मिळाला असता. लालबागमधल्या फ्लॅटचा आजचा भाव मी लिहीत नाही, तुम्हीच काढा.

आणि त्या तळमजल्यावरच्या सरबतवाल्यांची पुढची पिढी आज ग्रुपवर आहे. तिनेच केलं, असं मत नोंदवून झालंय त्यांचं. आडनावं टॅग करायचा फार मोह होतोय. नवरा बाजूला बसून 'नको, नको' करतोय, म्हणून राहू दे.

कमेंटमध्ये 'तुमच्या घरात असं झालं असतं तर कळलं असतं' म्हणणारे येतीलच. वरचं न वाचता येतील. त्यांना मी उत्तर देणार नाही.

आता एक शेवटचं सांगते, नाहीतर मी मामीला देवी करून ठेवलंय असं वाटेल. परवा रविवारी डोंबिवलीला गेले होते. मामी सत्तरीच्या पुढे आहे, मुलीकडे असते, कान तल्लख, टीव्हीचा आवाज तरी फुल. तोच व्हिडिओ चालू होता. मामीने चष्मा पुसला, निरखून बघितलं आणि म्हणाली, 'हिचे डोळे बघ गो. हीच ती.'

मी म्हटलं, 'मामी, तू? तू तरी असं म्हणू नकोस!'

तर माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच काहीतरी खुळचट बोलले. 'मी पाणी भरत होते,' म्हणाली, 'ही रील बनवते.'

त्यावरून आमचं जे वाजलं ते अगदी ताट वाढेपर्यंत. मग तिने मला सोलकढी जास्त घातली आणि पुन्हा सुरू झाली.